फ्रँकफर्टला मुका झालेला फोन

परदेशी जाणारा माणूस दुकानाची पायरी चढला की मी ओळखतो. त्याच्या काखेत प्लास्टिकची फाइल असते, फाइलमध्ये पासपोर्ट असतो, आणि तो जागेवर आहे ना हे तो दर दोन मिनिटांनी हात लावून पाहतो. सोबत बायको असेल तर तेच काम ती तोंडानं करते. मग दोघं काउंटरला टेकतात आणि ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, हा फोन तिकडे चालते का?"

अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइलचं दुकान आहे. त्याआधी बावीस वर्षं मी टेलिफोन खात्यात खांबावर चढून तारा जोडल्या. खांबांचे दिवस संपले तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खाली उतरून दुकान टाकलं. दुकानात मी आणि रेखा असे दोघंच. फोन उघडून आतलं काम रेखा करते; तिचा हात सोनारासारखा आहे. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे, कारण दुसरं मला काही येत नाही, असं तिचं मत आहे.

आमच्या वऱ्हाडातली पोरं शिकून बाहेर गेली, आणि मागाहून त्यांचे आईबाप निघाले. कुणी सुनेच्या बाळंतपणाला, कुणी नुसतं पोराचं घर पाहायला. दर्यापूर, चांदूर बाजार, पार बार्शीटाकळीहूनही माणसं फोन घेऊन माझ्याकडे येतात. या धंद्यातलं ज्ञान तसं मूठभर आहे. आपलं इथलं सिम काढायचं नाही, कारण बँकेचे निरोप त्याच्यावरच येतात. मात्र त्याच्यावर इंटरनेट चालू ठेवायचं नाही, नाहीतर बिल पाहून माणूस आजारी पडतो. इंटरनेटसाठी तिकडचं वेगळं सिम घ्यायचं. आता ते हातात धरायलाही मिळत नाही, एक चौकटीचौकटींचं चित्र कॅमेऱ्यानं टिपलं की फोनच्या आत जाऊन बसतं. त्याला ई-सिम म्हणतात. ते इथूनच बसवून न्यायचं. एवढंच. पण हे एवढंच समजावताना कधी कधी दुपार निघून जाते.

चांदूर बाजारचे एक गुरुजी यजमानाच्या वास्तुशांतीला सिंगापूरला निघाले होते. मी त्यांना कौतुकानं सांगितलं की तिथं उतरलं की फोनचं घड्याळ आपोआप अडीच तास पुढं जातं. गुरुजी गंभीर झाले. म्हणाले, "मी मुहूर्त काढताना अडीच तास जोडणार, आणि हा फोनही जोडणार. म्हणजे गृहप्रवेश जेवणं झाल्यावर व्हायचा." शेवटी त्यांच्या फोनवर दोन घड्याळं लावून दिली, एक इथलं आणि एक तिथलं. त्यांनी त्या दोन्हींवर पुन्हा स्वतःचं मनगटी घड्याळ ताडून पाहिलं, तेव्हा उठले.

अकोल्याचे एक वकीलसाहेब दुबईला गेले, आणि मी बजावून सांगितलेलं असूनही तिथं नवं सिम घालताना जुनं काढून हॉटेलच्या टेबलावर ठेवलं. खोली झाडणाऱ्यानं ते कचऱ्यात टाकलं. बँकेचे निरोप बंद, कार्ड बंद, साहेब हॉटेलात बंद. परत आल्यावर ते माझ्याकडे भांडायला आले. "तुम्ही मला सूचना दिली नव्हती." मी म्हटलं, दिली होती. "लेखी?" त्या दिवसापासून रेखानं एक यादी करून भिंतीला डकवली. आठ कलमं. परदेशी जाणारा प्रत्येक फोन त्या यादीपुढं धरायचा, एकेक कलम तपासायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. ती यादी झाल्यापासून आमच्याकडून एकही फोन चुकीचा गेला नव्हता, आणि मला त्याचा फार अभिमान होता. कुसुमताई आल्या त्या याच अभिमानाच्या काळात.

दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या या बाई. वय अठ्ठावन्न, शिक्षण चौथीपर्यंत. नवरा वारून आठ वर्षं झालेली. दिराच्या मदतीनं आठ एकर सोयाबीन, कपाशी स्वतः पाहणाऱ्या. एकुलती एक मुलगी मीनल नवऱ्याबरोबर जर्मनीत, तिला दिवस गेलेले. तिकिटं झाली, व्हिसा झाला. सोबत मीनलच्या सासूबाई जाणार होत्या, त्या इंग्रजी बोलणाऱ्या, दोनदा परदेशी जाऊन आलेल्या. जायच्या बारा दिवस आधी सासूबाई ओट्यावरून घसरल्या आणि हात मोडून बसल्या. आता कुसुमताईंनी एकटीनं जायचं किंवा जायचंच नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. जीपनं दर्यापूर, तिथून एसटीनं अमरावती, आणि चौकातून विचारत विचारत गल्लीत. पिशवीतून बटनांचा जुना फोन काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

"भाऊ, हा फोन जर्मनीत चालते का?"

"नाही चालत, ताई."

"मंग जो चालते तो द्या. अन् मले चालवता येईन असा करून द्या. पोरगी म्हनते, राहू दे आई, तू एकटी नोको येऊ. पयलं बाळंतपन, अन् माय इथी कपाशी मोजत बसू का?"

मी एक मध्यम किमतीचा फोन दाखवला. त्यांनी तो शेंगदाणे पारखावेत तसा उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "याच्यात समदं मराठीत पायजे." मी फोनची भाषा मराठी करून दिली. आजवर हे मी क्वचितच केलं होतं. आमची म्हातारी माणसंही फोन इंग्रजीतच ठेवतात आणि चित्रं ओळखून चालवतात.

पुढच्या दहा दिवसांत त्या चार वेळा आल्या. सकाळच्या एसटीनं यायच्या, दुपारपर्यंत शिकायच्या. मी बरेच जण शिकवले, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. त्या एकदा चुकायच्या, दुसऱ्यांदा नाही. नकाशा शिकवायचा म्हणून मी त्यांना चौकात पाठवलं आणि फोन पाहून परत दुकानात या म्हटलं. पंधरा मिनिटांनी त्यांचाच फोन आला.

"भाऊ, हा म्हनते उजवीकडे वळा. उजवीकडे भजेवाला हाय."

"त्याच्या बाजूनं बोळ आहे, ताई."

"असं सांगा ना मंग. यानं भजेवाल्याचं नावच नाई घेतलं."

सगळ्यात मजा आली ती भाषांतराची. आपण मराठीत बोललो की फोन जर्मनमध्ये बोलतो, हे ऐकून त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "काहून बाई, जवाई कोठी हाय?" फोननं बराच विचार केला आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. दुसऱ्यांदाही तेच. रेखा आतून हसत आली. म्हणाली, "ताई, त्याला पुस्तकातलं मराठी लागतं." कुसुमताईंनी पदर सावरला, ताठ बसल्या आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाल्या, "माझे जावई कुठे आहेत?" फोन लगेच जर्मन बोलला. कुसुमताई माझ्याकडे वळल्या. "याच्याशी मास्तरीनबाईसारखं बोला लागते. आपल्या इकडचा नाई वाटते हा."

जायच्या आदल्या दिवशी त्या शेवटच्या आल्या. सोबत दीर होते, त्यांना सामान घ्यायचं होतं म्हणून घाई करत होते. रेखा त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेलेली. मी ई-सिम बसवलं. इथल्या सिमवर तिकडूनही फोन लागेल अशी सोय करून दिली आणि बजावलं की हे अगदी अडीअडचणीला, एरवी हात लावायचा नाही. नवीन सिमचं इंटरनेट विमानातून उतरताच आपोआप सुरू होईल, असं छातीठोक सांगितलं. आणि भिंतीवरच्या यादीकडं न पाहता फोन त्यांच्या हातात दिला. आठ कलमं मला पाठ होती ना. नाही तरी ती माझ्याच अनुभवावरून लिहिलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराचा सुमार. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती: एक कॉलेजची मुलगी, एक निवृत्त हेडमास्तर आणि फोनची काच फुटलेला एक रिक्षावाला. माझा फोन वाजला. कुसुमताईंचा नंबर.

"भाऊ, मी कुसुम. उतरली मी."

"वा. पोहोचल्या का?"

"पोचली, पन फोन मुका हाय. नकाशा नाई, निरोप नाई, कायीच येत नाई. जवाई येनार होते, एक तास झाला, दिसत नाई. अडचनीचं म्हनून या सिमवरून लावला. मीनलले लावला तं ते उचलत नाई." आवाज स्थिर होता, पण एकेक शब्द त्या जपून ठेवत होत्या, डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालताना पाऊल टाकावं तशा.

त्या बोलत होत्या तेवढ्यात मला कळलं होतं. ई-सिमचं इंटरनेट परदेशात चालायला एक बटण लागतं, रोमिंगचं; नुसत्या बोलण्याला ते लागत नाही. इथल्या सिमचं ते बंद करायचं आणि नव्याचं चालू ठेवायचं. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचं बिल वाचवायला मी रोमिंग बंद करत आलो. हाताला सवय. त्या दिवशी माझ्या हातानं दोन्ही सिमचं बंद केलं होतं. यादीतलं सहावं कलम तेच होतं.

हेडमास्तर माझ्याकडं पाहत होते. मी फोनवर म्हटलं, "असं होतं कधी कधी, ताई. फोनच गडबड करतो. घाबरू नका, मी सांगतो तसं करा."

हे मी म्हटलं. फोनच गडबड करतो.

आता बटण कुठं आहे हे सांगायचं, तर मला ते इंग्रजीतच दिसत होतं. मराठीत तिथं काय लिहिलेलं असतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी रेखाला खूण केली. तिनं शोकेसमधून तोच फोन काढला, झटक्यात मराठी केला आणि माझ्यापुढं धरला. मग मी अमरावतीतल्या फोनवर बोट ठेवायचं आणि कुसुमताईंनी फ्रँकफर्टच्या. फोन कानाला लावला की पडदा दिसत नाही, म्हणून मी त्यांना स्पीकर लावायला सांगितलं आणि माझाही लावला. सगळं दुकान ऐकू लागलं.

"सेटिंग्ज उघडलं का?"

"चक्रासारखं हाय ते ना? उघडलं."

"पहिली ओळ वाचा."

"नेट... वर्क आनि इंटर... नेट."

"तिच्यावर बोट ठेवा. आता सिम लिहिलंय तिथं."

"ठेवलं. दोन नावं आले. एक आपलं हाय, दुसरं इंग्रजीतलं."

"इंग्रजीतलं दाबा. आता खाली या, खाली. रोमिंग दिसतं का?"

मागून तिथल्या विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. रिक्षावाला काउंटरवर ओणवा होऊन आमच्या फोनवर ते अक्षर शोधून देत होता, जसं काही त्यांना ते तिथून दिसणार होतं.

"रो... मिंग. हाय. त्याच्यापुढं गोटी हाय, डावीकडे."

"तिला उजवीकडे ढकला."

"ढकलली. निळी झाली."

दुकानात सगळ्यांनी श्वास सोडला, पण मी सोडला नव्हता. एका सिमवर बोलणं चालू असेल तर दुसऱ्याचं इंटरनेट थांबून राहतं. म्हणजे आता त्यांनी फोन ठेवायला हवा होता. परक्या देशात एका बाईला मिळालेला एकुलता एक आवाज, तो तोडायला मी सांगायचं.

"ताई, आता फोन ठेवा. ठेवला की नेट सुरू होईल."

"अन् नाई झालं तं?"

"तर परत मला लावा. मी इथून हलत नाही."

"ठेवते," त्या म्हणाल्या, आणि ठेवला.

आम्ही पाच जण त्या फोनकडं पाहत उभे राहिलो. कॉलेजच्या मुलीचं काम केव्हाच झालं होतं, तरी ती गेली नाही. हेडमास्तर घड्याळ पाहत होते. रेखा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "सहावं कलम?" मी मान हलवली. तिनं भिंतीवरच्या यादीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला, आणि तेच मला जास्त लागलं.

पाच मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अर्धं कपाळ, कुंकू आणि विमानतळाचं छत.

"भाऊ, लय निरोप आले. धडाधडा आले. जवायाचा आवाज आला हाय त्याच्यात." त्यांनी तो आम्हालाच ऐकवला. जावई सांगत होता की मीनलला पहाटे कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधीच. दोघं दवाखान्यात आहेत, तो तिला सोडून येऊ शकत नाही. शेजारच्या उर्सुला नावाच्या बाई गाडी घेऊन येतील, उंच आहेत, अंगात पिवळा कोट असेल, हातात नावाचा कागद असेल.

छत हललं, खांब दिसले, माणसं दिसली. मग कुसुमताईंचा आवाज आला, "पिवळा कोट? अवं माय. हे बाई तं माझ्या समोरच उभी हाय कवाची."

उर्सुलाबाई दहा पावलांवर होत्या. त्या साडीतल्या बाईला शोधत होत्या, आणि कुसुमताईंनी थंडी वाजली म्हणून दिराचा लांब कोट घालून वर डोक्यापासून शाल गुंडाळली होती. कागदावर नाव होतं, पण इंग्रजीत, आणि ते काही त्यांना वाचता येत नव्हतं. पाऊण तास दोघी एकमेकींच्या पलीकडे पाहत होत्या.

आम्ही पाहत असतानाच कुसुमताई उठल्या, त्या बाईंसमोर गेल्या, फोन तोंडाजवळ धरला आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. मी मीनलची आई आहे. मला माझ्या मुलीकडे घेऊन चला." फोन जर्मन बोलला. पलीकडून त्या उंच बाईनं दोन्ही हातांनी कुसुमताईंचे खांदे धरले, आणि मग आम्हाला नुसता पिवळा रंग दिसत राहिला.

मुलगी झाली. संध्याकाळी पाचच्या सुमारास फोटो आला. कुसुमताई दवाखान्यात वेळेवर पोहोचल्या होत्या आणि नात पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिली होती. रेखानं कोपऱ्यावरून आलुबोंडे मागवले. फोनची काच बदलून न्यायला रिक्षावाला आलाच होता. त्यानं तीन खाल्ले आणि नावं सुचवायला लागला.

पुढचे तीन महिने अधूनमधून त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा, कधी बागेतून, कधी बाजारातून. त्या बागेत एक पंजाबी आणि एक तेलुगू आजी भेटल्या होत्या, दोघींचे फोन त्यांनी लावून दिले, असं त्या सांगायच्या, आणि तिघी कोणत्या भाषेत बोलता म्हटलं तर म्हणायच्या, "हिंदी, मंग हातानं, मंग फोननं." त्यांचा चेहरा पाहून मला आनंद व्हायचा, आणि दर वेळी ते वाक्य आठवायचं. फोनच गडबड करतो. बावीस वर्षं खांबावर काम केलं, तेव्हा जोड चुकला तर माझा जोड चुकला असं सांगायचो. आता गिऱ्हाइकांपुढं फोनवर ढकलून मोकळा झालो होतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक फोन यादीपुढं धरतो आणि कलमं मोठ्यानं वाचतो, पण त्यानं काही मागचं पुसलं जात नाही.

नवी तूर निघाली त्या सुमारास त्या परत आल्या. एक दिवस सकाळी पायरी चढल्या, अंगात जर्मनीचं जाडजूड जाकीट, हातात तुरीच्या डाळीची पिशवी आणि चॉकलेटचा डबा. दुकानात दोन-तीन माणसं होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हे भाऊ नसते तं मी तिथीच बसून राह्यली असती."

मला ते ऐकवेना. गिऱ्हाइकं जाईपर्यंत मी थांबलो आणि मग म्हटलं, "ताई, एक सांगायचं होतं. त्या दिवशी फोनची गडबड नव्हती. ते बटण मीच चालू करायला विसरलो होतो. चूक माझी होती."

त्या डबा उघडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले माईत हाय."

"कसं?"

"मीनलनं फोन पाह्यला तवाच बोलली. म्हने, आई, दुकानवाल्यानं हे चालू करून द्याले पायजे होतं."

"मग तुम्ही इतके दिवस बोलल्या कशा नाहीत?"

"जवा फोन लावला तवा तुमच्या मांगं लोकं बोलून राह्यले होते, मले ऐकू येत होते. माणसाचं दुकान हाय, गिऱ्हाइकाइसमोर काहून बोला लागते?" त्यांनी एक चॉकलेट रेखाच्या हातात दिलं, एक माझ्या. "अन् मीनलले म्या म्हनलं, चूक झाली तं झाली. त्यायनं फोन तं उचलला ना. पाह्यटीपासून मी तुलेबी लावत होती, तुया नवऱ्यालेबी लावत होती. उचलला कोनं?"

मी चॉकलेट हातात धरून उभा राहिलो. रेखा काच पुसू लागली. ती आधीच स्वच्छ होती.

तेवढ्यात त्यांनी दाराकडं पाहून हाक मारली. पायरीखाली एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती, आत यायला संकोचत होती. कुसुमताईंच्याच गावची, मुलगा कॅनडाला. काखेत प्लास्टिकची फाइल. कुसुमताईंनी तिला हाताला धरून काउंटरपाशी आणलं, स्टुलावर बसवलं आणि तिच्या कानाशी वाकल्या. त्यांचं कानातलं बोलणं चौकापर्यंत ऐकू जातं.

"हे भाऊ लय चांगलं शिकवते. कायी घाबरू नोको," त्या म्हणाल्या. "फक्त रोमिंगची गोटी आपन सोता पाहून घ्याची. ते इसरते."